थाप कोणाच्या दारावर पडते?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला गेलेल्या मराठी आजी-आजोबांना पहिल्या आठवड्यातच एक सूचना मिळते. नातवंडावर हात उगारायचा नाही, चारचौघांत आवाजही चढवायचा नाही, कारण इथे शेजारी फोन करतात आणि मुलांना घेऊन जातात. २०११ मध्ये नॉर्वेतील एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेने ताब्यात घेतली, त्या बातम्यांनी ही भीती आणखी पक्की केली. ती निराधार नाही, कारण मूल घरातून उचलण्याचा अधिकार सरकारकडे खरोखरच आहे. मात्र ही थाप प्रत्यक्षात कोणाच्या दारावर पडते हे आकड्यांत पाहिले की चित्र वेगळे दिसते. अमेरिकेतील मुलांपैकी किती जणांच्या घरी, त्यांची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, बालसंरक्षण खात्याची निदान एकदा चौकशी होते, याचा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. सर्व मुलांसाठी हे प्रमाण ३७.४ टक्के निघाले. श्वेतवर्णीय मुलांसाठी ते २८.२ टक्के, कृष्णवर्णीय मुलांसाठी ५३ टक्के आणि आशियाई वंशाच्या मुलांसाठी १०.२ टक्के होते. थोडक्यात, ज्या घरांत या थापेची चर्चा चहाबरोबर होते तिथे ती क्वचित पडते, आणि निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय मुलांच्या घरी ती पडून गेलेली असते. बालकल्याणातील वांशिक समन्यायाचा प्रश्न तो हाच.

आधी यंत्रणा समजून घेऊ. बालसंरक्षणाचे काम तिथे मुख्यतः राज्ये करतात, काही राज्यांत कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे घटक करतात. केंद्र सरकार पैसा देते आणि पैशाबरोबर अटी घालते. १९७४ च्या केंद्रीय कायद्याने अशी अट घातली की शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक अशा व्यक्तींना मुलाच्या छळाचा किंवा हेळसांडीचा संशय आला तर त्यांनी तो कळवलाच पाहिजे, असा नियम प्रत्येक राज्यात असावा. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते, आणि प्रामाणिकपणे पण चुकीचे कळवल्यास काहीच होत नाही. अशा वेळी माणूस काय करील हे सांगायला नको. दरवर्षी सुमारे ४० लाख तक्रारी येतात. त्यांतील जवळजवळ निम्म्या फोनवरच बाजूला ठेवल्या जातात, उरलेल्यांची चौकशी होते. चौकशीतून थोड्या मुलांना घराबाहेर काढले जाते आणि फॉस्टर केअरमध्ये ठेवले जाते. फॉस्टर केअर म्हणजे मूल सरकारच्या ताब्यात असताना त्याला तात्पुरते परक्या कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा संस्थेत सांभाळण्याची व्यवस्था. पुढचे सगळे न्यायालयात ठरते. मूल घरी परत जाते, नाही तर आईबापांचे पालकत्वाचे हक्क कायमचे संपुष्टात येतात आणि मूल दत्तक जाऊ शकते.

चौकशी हा शब्द कागदावर सौम्य वाटतो. प्रत्यक्षात घरी आलेली कर्मचारी फ्रिज उघडून पाहते, फडताळातल्या डब्यांत काय आहे ते पाहते, खाटा मोजते, धूर झाल्यावर वाजणारे यंत्र चालू आहे का ते तपासते. मुलाला बाजूला घेऊन आई काय करते, बाबा ओरडतात का, काल रात्री काय जेवलास असे विचारते, आणि अंगावर वळ नाहीत ना हे पाहण्यासाठी त्याला सदरा वर करायला सांगते. शाळेत आणि डॉक्टरकडे फोन जातात. बहुतेक वेळा न्यायालयाचे वॉरंट नसते. दार न उघडण्याचा हक्क असला तरी तो फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि नकार दिलाच तर तोच संशयाला खतपाणी घालतो. तक्रार निराधार ठरली तरी त्या मुलाच्या मनात आपले घर कोणीतरी तपासून गेले ही गोष्ट राहतेच.

आता नेमकी कशाची तक्रार होते ते पाहू. बालछळ म्हटले की मारहाण किंवा लैंगिक अत्याचार डोळ्यांसमोर येतो, पण यंत्रणेने ज्या मुलांना पीडित ठरवले त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या बाबतीत नोंद असते ती हेळसांडीची. मराठी वाचकाला या जागी एक सोय आहे, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत. आई आजारी पडली, बापाचे काम सुटले, घरभाडे थकले की पोरांची आबाळ होते. ती होते, कोणी करत नाही. हेळसांड मात्र कोणीतरी करतो, हातात असूनही लक्ष देत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांच्या कायद्यांत या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. घरात अन्न नाही, हिवाळ्यात उष्णता नाही, आई रात्रपाळीला गेली असताना नऊ वर्षांचे मूल धाकट्याला सांभाळत होते, ही वर्णने दोन्ही प्रकारच्या घरांना लागू पडतात. त्यातली आबाळ कोणती आणि हेळसांड कोणती, याचा निर्णय त्या दिवशी दारात उभी असलेली कर्मचारी घेते. अनेक राज्यांनी केवळ गरिबी म्हणजे हेळसांड नव्हे असे कायद्यात लिहिले आहे, पण गरिबी कधीच ‘केवळ’ गरिबी म्हणून दारात उभी राहत नाही. ती शाळेतल्या गैरहजेरीच्या, चुकलेल्या लसीच्या, मळलेल्या कपड्यांच्या रूपात दिसते.

वांशिक विषमता मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत केली की वाद वाढतो. पहिल्या पद्धतीत एखाद्या गटाचा लोकसंख्येतील वाटा आणि यंत्रणेतील वाटा ताडून पाहतात. देशातील मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुले सुमारे १४ टक्के आहेत, तर फॉस्टर केअरमधील मुलांमध्ये अलीकडच्या वर्षांत त्यांचा वाटा २२-२३ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. २००० च्या सुमारास तो ४० टक्क्यांच्या जवळ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. दुसऱ्या पद्धतीत सारख्याच परिस्थितीतील दोन गटांना सारखी वागणूक मिळते का हे पाहतात. ही पद्धत अवघड आहे, कारण परिस्थिती सारखी होती हे आधी सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करणारे एक उदाहरण जुने असले तरी अजून बोलके आहे. फ्लोरिडा राज्यातील पिनेलास कौंटीत गरोदर स्त्रियांच्या लघवीचे नमुने सरकारी दवाखान्यांतून तसेच खासगी डॉक्टरांकडून गोळा करून दारू व अमली पदार्थांसाठी तपासण्यात आले, आणि त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. श्वेतवर्णीय स्त्रियांपैकी १५.४ टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी १४.१ टक्के नमुन्यांत अंश सापडला. फरक जवळजवळ नाहीच, आणि जो आहे तो उलट बाजूला. परंतु गरोदरपणात अशा पदार्थांचे सेवन केल्याबद्दल ज्या स्त्रियांची नावे सरकारी अधिकाऱ्यांना कळवली गेली, त्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांच्या सुमारे दहापट होते. कायदा एक, कौंटी एक, वर्तन सारखे. फरक पडला तो कोणावर संशय घ्यायचा आणि कोणाकडे काणाडोळा करायचा, या ठिकाणी. तिथल्या एखाद्या परिचारिकेला विचारले असते तर तिने आपण पक्षपात केला असे मान्य केले नसते, आणि ती खोटेही बोलत नसती. पहिल्या टप्प्यावर थोडा संशय जास्त, दुसऱ्या टप्प्यावर थोडा विश्वास कमी, तिसऱ्या टप्प्यावर वकील नाही, अशा लहान लहान फरकांची बेरीज होत जाते, आणि शेवटी दिसणारी तफावत एकाही माणसाच्या नावावर मांडता येत नाही.

हे असे का झाले याचे मूळ थोडे मागे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय मुलांची तक्रार नेमकी उलटी होती, कारण अनाथालये आणि कल्याणकारी संस्था त्यांना दारातच उभे करत नसत. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निराधार मुलांच्या आयांना आर्थिक मदत सुरू केली, पण ती कोणाला द्यायची हे राज्यांवर सोडले. दक्षिणेकडील राज्यांनी ‘योग्य घर’ अशी अट घातली. आई अविवाहित असेल तर घर अयोग्य, आणि घर अयोग्य तर मदत बंद. १९६० मध्ये लुइझियाना राज्याने या अटीखाली सुमारे २३,००० मुलांची मदत एकदम तोडली, आणि त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. ओरड झाली, तेव्हा केंद्रीय मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जानेवारी १९६१ मध्ये आदेश काढला की मूल त्या घरात ठेवून मदत तोडता येणार नाही. एक तर घर सुधारायला साहाय्य करा किंवा मुलाची दुसरीकडे सोय करा. हेतू चांगला होता. पण त्याच वर्षी अशा मुलांना घराबाहेर ठेवण्यासाठी केंद्राने राज्यांना पैसा देऊ केला. ज्या घरांना मदत नाकारण्याची खोड होती, त्याच घरांतून मुले हलवण्यासाठी आता अनुदान मिळू लागले. इतकी वर्षे जे दार उघडत नव्हते, ते आता उघडले ते मूल बाहेर नेण्यासाठी.

मूलनिवासी अमेरिकी जमातींचा अनुभव याहून कठोर आहे. त्यांची मुले आधी सक्तीच्या निवासी शाळांत गेली आणि नंतर दत्तकविधानात. १९५८ ते १९६७ या काळात केंद्राच्या एका योजनेखाली ३९५ मुले, मुख्यतः श्वेतवर्णीय कुटुंबांत, दत्तक देण्यात आली. राज्य सरकारे आणि खासगी संस्था यांनी हलवलेल्या मुलांची संख्या यापेक्षा कितीतरी मोठी होती. संसदेपुढे आलेल्या पाहण्यांनुसार मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले आपल्या कुटुंबांपासून तुटली होती. म्हणून १९७८ चा ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट’ आला. त्यातील ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, हे सांगितलेले बरे. या कायद्यानुसार मूल हलवण्यापूर्वी कुटुंब सावरण्यासाठी सक्रिय प्रयत्न करावे लागतात, जमातीला कळवावे लागते, आणि मूल दत्तक द्यायचेच तर आधी नातेवाईक, मग त्याच जमातीतील कुटुंब, मग इतर मूलनिवासी कुटुंब असा क्रम पाळावा लागतो. हा कायदा वंशावर आधारलेला असल्याने घटनाबाह्य आहे असे आव्हान दिले गेले होते. १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा टिकवला, मात्र वांशिक भेदभावाच्या मुद्द्यावर निकाल दिला नाही, कारण तो मुद्दा मांडणाऱ्यांना तो या दाव्यात मांडण्याचा अधिकारच नाही असे ठरवले.

इथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे, कारण ते केवळ सरकारी बचाव नाही. काही संशोधकांचे म्हणणे असे की तुलना सगळ्या मुलांशी न करता गरीब मुलांशी करावी. कृष्णवर्णीय मुलांत गरिबीचे प्रमाण श्वेतवर्णीय मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि गरिबी हिशेबात धरली की तफावत बरीच आक्रसते. छळ किंवा हेळसांडीमुळे होणाऱ्या बालमृत्यूंचा दर केंद्राच्या वार्षिक अहवालांत कृष्णवर्णीय मुलांसाठी श्वेतवर्णीय मुलांच्या सुमारे तिप्पट दिसतो. मृत्यूची नोंद संशयावर अवलंबून नसते, निदान तितकी नसते. तेव्हा समता साधण्यासाठी थापा कमी करायच्या म्हटले तर ज्या मुलाला खरोखर वाचवायचे होते तेच सुटून जाईल, ही भीती खरी आहे. मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, पण तो प्रश्न मिटवत नाही. गरिबीमुळे तफावत होते असे म्हटले, तर गरिबीवर इलाज म्हणून मूल हलवणे हे औषध बरोबर आहे का, हा प्रश्न उरतो.

मूल एकदा हलवले की घड्याळ सुरू होते. १९९७ च्या केंद्रीय कायद्यानुसार मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिले असेल, तर राज्याने पालकत्वाचे हक्क संपवण्याचा अर्ज न्यायालयात करायचा असतो. मूल नातेवाइकांकडे असेल किंवा तसेच सबळ कारण असेल तर सूट आहे. मुले वर्षानुवर्षे अधांतरी राहू नयेत हा त्यामागचा उद्देश, आणि तो रास्तही होता. पण दोन वर्षांची शिक्षा झालेल्या आईला किंवा स्वस्त सरकारी घराच्या यादीत नाव लावून बसलेल्या बापाला १५ महिने पुरत नाहीत. त्यातून नातेवाइकांची वाटही सोपी नव्हती. आजी मूल सांभाळायला तयार असली तरी तिच्या घरात ठरावीक मापाची खोली आहे का, कुटुंबातील कोणावर वीस वर्षांपूर्वीचा गुन्हा आहे का, हे निकष परक्या फॉस्टर कुटुंबाला लावतात तसेच तिलाही लागत. निकषांत बसली नाही तर मूल परक्याकडे तरी जाई, किंवा तिच्याकडे आले तर परक्याला मिळणारे पैसे तिला मिळत नसत. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलून नातेवाइकांसाठी वेगळे, सोपे निकष ठेवण्याची मुभा राज्यांना दिली.

उपायांपैकी सर्वाधिक गाजला तो न्यूयॉर्क राज्यातील नॅसॉ कौंटीचा. मूल हलवायचे की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत प्रकरण मांडताना कुटुंबाचे नाव, वंश, मोहल्ला, शाळा असे काहीही सांगायचे नाही. धोका काय आहे आणि घराची ताकद काय आहे, इतकेच सांगायचे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक लिहिण्यासारखाच हा विचार. सुरुवातीचे आकडे आशादायक वाटले, आणि २०२० मध्ये राज्याने ही पद्धत सर्वत्र लागू करण्याचे ठरवले. पुढे मिशिगनमधील एका कौंटीत संशोधकांनी तीच पद्धत बारकाईने तपासली तेव्हा तफावतीवर फारसा परिणाम दिसला नाही, उलट निर्णयाला उशीर लागू लागला. याचे कारण वरच्या हिशेबात आहे. तफावतीचा मोठा भाग बैठकीच्या आधीच, फोन आणि चौकशीच्या टप्प्यावर, तयार झालेला असतो, आणि तिथे नाव झाकता येत नाही.

संगणकाचीही मदत घेऊन झाली. पिट्सबर्ग शहर ज्या ॲलेगेनी कौंटीत आहे, तिथे ऑगस्ट २०१६ पासून तक्रार आली की सरकारी नोंदींवरून कुटुंबाला १ ते २० गुण दिले जातात आणि फोनवरच्या कर्मचाऱ्याला ते दिसतात. संगणकाला रंग दिसत नाही असे म्हटले जाते. पण त्याला सरकारी मदतीच्या, तुरुंगाच्या, सरकारी मानसोपचाराच्या नोंदी दिसतात. खासगी डॉक्टरकडे जाऊन स्वतःच्या विम्यातून उपचार घेणाऱ्याची नोंद त्याच्याकडे येतच नाही. अभ्यासकांनी हिशेब केला तेव्हा असे आढळले की केवळ गुणांवर निर्णय सोडला असता तर कृष्णवर्णीय मुलांपैकी ३२.५ टक्के आणि श्वेतवर्णीय मुलांपैकी २०.८ टक्के मुले सक्तीच्या चौकशीस पात्र ठरली असती. माणसांनी काही वेळा यंत्राचे ऐकले नाही म्हणून प्रत्यक्षातली तफावत त्याहून कमी राहिली. आशियाई वंशाच्या मुलांचा १०.२ टक्के हा आकडाही मला याच प्रकाशात वाचावासा वाटतो. आपल्या घरांत मुलांना कोणी धपाटा घालत नाही म्हणून तो कमी आहे असे समजण्याचे कारण नाही. विमा, पगार आणि मागे अंगण असलेले घर या गोष्टी नोंदवहीपासून बऱ्यापैकी आडोसा देतात.

मला जास्त आशा वाटते ती कमी गाजलेल्या बदलांची. टेक्सासने २०२१ मध्ये हेळसांडीची व्याख्याच बदलली. परिणामांची उघड बेपर्वाई आणि त्यातून प्रत्यक्ष इजा किंवा तातडीचा धोका असेल तरच हेळसांड, असे आता तिथे म्हटले आहे. आबाळ आणि हेळसांड यांच्यातील रेघ कायद्यात ओढण्याचा हा प्रयत्न एका पुराणमतवादी राज्यातून आला, तोही वंशाचे नाव न घेता, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. मिनेसोटाने २०२४ मध्ये उलट वाट धरली आणि मूलनिवासींच्या कायद्यातील सक्रिय प्रयत्नांचा निकष कृष्णवर्णीय व इतर अतिप्रमाणात हलवल्या जाणाऱ्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने लागू करणारा कायदा केला. वकिलांचाही प्रश्न आहे. गरीब आईबापांना अशा खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे असे राज्यघटना सांगत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला होता, तरी बहुतेक राज्ये आपापल्या कायद्याने तो देतात. न्यूयॉर्क शहरात वकिलाबरोबर समाजसेवक आणि स्वतः या अनुभवातून गेलेली आई किंवा बाप अशी फळी पालकांच्या बाजूने उभी केली, तेव्हा त्या मुलांचे फॉस्टर केअरमधील दिवस चार वर्षांत सरासरी ११८ ने कमी झाले आणि मुलांचा धोका वाढला नाही.

आणि पैसा. किमान वेतन तासाला एक डॉलरने वाढले की हेळसांडीच्या तक्रारी ९.६ टक्क्यांनी घटतात, असे २०१७ च्या एका अभ्यासात आढळले. २०१८ मध्ये केंद्राने फॉस्टर केअरसाठीचा निधी प्रथमच मोठ्या प्रमाणावर मूल घरीच राहावे यासाठी वापरण्याची परवानगी राज्यांना दिली. त्या पैशातून मानसोपचार मिळतात, व्यसनमुक्ती मिळते, आणि पालकांना मूल कसे सांभाळावे याचे घरी येऊन शिक्षण देता येते. घरभाडे त्या यादीत नाही.